सराव प्रश्नांचे गुण आणि परीक्षेची सज्जता : अखिल भारतीय बार परीक्षेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विधी महाविद्यालयांतील अध्यापकांना दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो. अंतिम वर्षाचा विद्यार्थी किंवा नुकतीच सनद घेतलेला तरुण वकील सराव चाचणीची उत्तरपत्रिका पुढे ठेवतो आणि म्हणतो, "सर, ५२ गुण पडले. आता बार परीक्षेला बसायला हरकत नाही ना?" प्रश्न साधा वाटतो, त्याचे उत्तर मात्र साधे नाही. उत्तीर्णतेची मर्यादा ४५ असताना ५२ गुण पुरेसे आहेत असे सांगण्याचा मोह होतो. परंतु ते ५२ गुण कोणत्या प्रश्नांवर, कोणत्या परिस्थितीत आणि कितव्या प्रयत्नात मिळाले, हे जाणून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे केवळ धीर देणे होय.

सराव प्रश्नांच्या गुणांवरून परीक्षेच्या सज्जतेविषयी काय अनुमान काढता येते, ते किती खात्रीने काढता येते आणि कोठे फसगत होण्याचा संभव असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरण म्हणून अखिल भारतीय बार परीक्षा निवडली असली, तरी मांडलेली तत्त्वे कोणत्याही वस्तुनिष्ठ पात्रता परीक्षेला लागू पडतील. त्यामुळे विधी शाखेबाहेरील अध्यापकांनाही हे विवेचन उपयुक्त ठरावे. लेखातील विद्यार्थ्यांच्या गुणांची उदाहरणे स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली आहेत.

परीक्षेचे स्वरूप

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली व्यवसायाचे नियमन बार कौन्सिल ऑफ इंडिया अर्थात भारतीय विधिज्ञ परिषद करते. विधी पदवीनंतर व्यवसायप्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा असावी, असा निर्णय परिषदेने २०१० मध्ये घेतला आणि पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. पुढे या परीक्षेच्या वैधतेलाच आव्हान देण्यात आले. 'बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध बोनी फोई लॉ कॉलेज' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी निकाल देऊन अशी परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला आणि 'व्ही. सुदीर' प्रकरणातील १९९९ चा विरुद्ध निर्णय रद्दबातल ठरविला. त्यामुळे ही परीक्षा राहणार की जाणार, हा वाद आता उरलेला नाही.

परीक्षेत एकूण १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि एक गुण असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. एका प्रश्नासाठी सरासरी सुमारे दोन मिनिटे मिळतात. प्रश्नपत्रिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असते. सुरुवातीच्या काळात पुस्तके जवळ ठेवून परीक्षा देता येत असे. २०२१ पासून टीपा नसलेली मूळ अधिनियमांची प्रत, म्हणजे विद्यार्थी जिला 'बेअर अ‍ॅक्ट' म्हणतात ती, तेवढी नेता येते. उत्तीर्णतेची मर्यादा पूर्वी सर्वसाधारण प्रवर्गासाठी ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३५ टक्के होती. २०२३ मध्ये ती अनुक्रमे ४५ आणि ४० टक्के करण्यात आली.

प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही. म्हणून अपयशाची किंमत अल्प आहे असे कोणाला वाटेल. परंतु अठरावी परीक्षा १० डिसेंबर २०२३ रोजी झाली आणि एकोणिसावी २२ डिसेंबर २०२४ रोजी. म्हणजे अठराव्या परीक्षेत दोन गुणांनी मागे राहिलेल्या उमेदवाराला एक वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली अल्प मानधनावर उमेदवारी करणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हे वर्ष लहान नसते. सज्जतेचे अचूक अनुमान म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गुण हा नमुना आहे

सराव चाचणीतील गुण म्हणजे विद्यार्थ्याचे ज्ञान नव्हे. तो त्या ज्ञानाचा एक नमुना आहे. भाताचे शीत दाबून भात शिजला की नाही हे आपण ठरवितो, त्यामागे सर्व शिते सारखीच शिजली असावीत असे गृहीतक असते. कायद्याच्या अभ्यासक्रमाबाबत हे गृहीतक टिकत नाही. शेकडो कलमांमधून निवडलेले १०० प्रश्न आज एका प्रकारचे येतील, उद्या दुसऱ्या प्रकारचे. विद्यार्थ्याचे ज्ञान तेच राहिले तरी गुण बदलतील. शैक्षणिक मापनशास्त्रात या चढउताराला मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतात.

ही त्रुटी किती असते? एखादा विद्यार्थी दीर्घकाळात सरासरी निम्मे प्रश्न बरोबर सोडवितो असे मानल्यास, द्विपद वितरणाच्या सूत्राने प्रश्नसंख्येनुसार पुढील आकडे मिळतात.

तक्ता क्र. १ : प्रश्नसंख्या आणि टक्केवारीतील प्रमाण त्रुटी

२५ प्रश्न : सुमारे १० टक्के
५० प्रश्न : सुमारे ७ टक्के
१०० प्रश्न : सुमारे ५ टक्के
२०० प्रश्न : सुमारे ३.५ टक्के
४०० प्रश्न : सुमारे २.५ टक्के

हे आकडे ढोबळ आहेत, कारण प्रत्यक्षात सर्व प्रश्नांची काठिण्यपातळी सारखी नसते. तथापि त्यांचा बोध स्पष्ट आहे. २५ प्रश्नांच्या चाचणीत ६० टक्के गुण मिळाले, तर खरी पातळी ५० किंवा ७० टक्केही असू शकते. त्रुटी निम्मी करावयाची तर प्रश्नसंख्या चौपट करावी लागते. रोज पंचवीस प्रश्न सोडवून रोजच्या गुणांवरून हर्षविषाद करणारा विद्यार्थी आपली प्रगती नव्हे, तर बव्हंशी यदृच्छेचे हेलकावे मोजत असतो.

हीच त्रुटी प्रत्यक्ष परीक्षेतही असते. ज्याची खरी पातळी ४५ टक्के आहे तो १०० प्रश्नांच्या परीक्षेत ४४ किंवा त्याहून कमी गुण मिळवून अनुत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के आहे. म्हणजे जवळपास नाणेफेकच. खरी पातळी ५० असल्यास ही शक्यता सुमारे १४ टक्के, ५५ असल्यास सुमारे २ टक्के आणि ६० असल्यास हजारात एकाच्या आसपास येते. मर्यादेच्या वर असणे आणि मर्यादेच्या वर सुरक्षित असणे यांत किती अंतर आहे, ते या आकड्यांवरून ध्यानी येईल.

अंदाजाचा वाटा

चार पर्याय आणि चुकीबद्दल दंड नाही, अशा परीक्षेत काहीही न जाणणाऱ्या उमेदवारालाही सरासरी २५ गुण मिळतात. म्हणून ४५ गुणांचा अर्थ ४५ प्रश्नांची उत्तरे माहीत असणे असा होत नाही. अंदाजाचा परिणाम वजा करण्याचे एक जुने सूत्र आहे : बरोबर उत्तरांच्या संख्येतून चुकीच्या उत्तरांच्या संख्येचा एक-तृतीयांश वजा करावा. ४५ बरोबर आणि ५५ चूक असतील तर ४५ मधून सुमारे १८ वजा होऊन २७ उरतात. साधारण २७ प्रश्नांची उत्तरे खरोखर जाणणारा आणि उरलेल्या ७३ प्रश्नांवर डोळे मिटून खूण करणारा उमेदवारही सरासरीने मर्यादेपर्यंत पोहोचतो. ४० टक्क्यांच्या मर्यादेसाठी हीच संख्या २० येते.

सूत्राचे गृहीतक असे, की उमेदवार उत्तर एकतर जाणतो किंवा मुळीच जाणत नाही. वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची असते. दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोहोंतून निवड करणे हाही ज्ञानाचाच अंश आहे. तरीसुद्धा सराव गुणांचे वाचन करताना अंदाजाचा वाटा वेगळा काढणे आवश्यक आहे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. सराव करताना प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री', 'शंका' किंवा 'अंदाज' अशी खूण विद्यार्थ्याने करावी आणि तपासताना तिन्ही गटांचे गुण स्वतंत्रपणे मोजावेत.

दोन विद्यार्थिनींचे उदाहरण घेऊ. दोघींनाही १०० पैकी ५७ गुण मिळाले. पहिलीने ४० प्रश्नांपुढे 'खात्री' लिहिले, त्यांतील ३६ बरोबर आले. शंकेच्या ३० पैकी १३ आणि अंदाजाच्या ३० पैकी ८ बरोबर आले. दुसरीने ७५ प्रश्नांपुढे 'खात्री' लिहिले, त्यांतील ४५ बरोबर आले. शंकेच्या १५ पैकी ८ आणि अंदाजाच्या १० पैकी ४ बरोबर आले. गुणांची बेरीज सारखी, परंतु दोघींची स्थिती सारखी नाही. पहिलीला आपल्याला काय येत नाही हे ठाऊक आहे. तिचा पुढील अभ्यास कोठे व्हावा हे तिचे तिलाच दिसते. दुसरीने ३० प्रश्नांत चुकीचे उत्तर खात्रीने दिले आहे. ती त्या भागाकडे परत वळणारच नाही, कारण तो आपल्याला येतो असे ती समजते. परीक्षेपुरते पाहिले तर हा गुणांचा प्रश्न आहे. व्यवसायात मात्र अशा चुकीच्या खात्रीची किंमत पक्षकाराला मोजावी लागते.

विषयवार भार

सराव प्रश्नांचा संच परीक्षेच्या विषयवार रचनेशी जुळत नसेल तर एकूण टक्केवारी दिशाभूल करते. परिषदेने जाहीर केलेल्या विभागणीनुसार संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया या तीन विषयांना प्रत्येकी १० म्हणजे एकूण ३० प्रश्न आहेत. दंडविधान आणि पुरावा यांना प्रत्येकी ८ म्हणजे १६. तसेच कौटुंबिक कायदा ८ आणि करार, स्पेसिफिक रिलीफ, मालमत्ता हस्तांतरण व निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स मिळून ८, असे आणखी १६ प्रश्न आहेत. उरलेले ३८ प्रश्न बारा लहान विषयांत विखुरलेले आहेत : पर्यायी वादनिवारण, जनहित याचिका, व्यावसायिक नीतिमत्ता, कामगार कायदे आणि करविषयक कायदे प्रत्येकी ४, मोटार वाहन व ग्राहक संरक्षणासह अपकृत्य कायदा ५, प्रशासकीय कायदा ३, आणि कंपनी कायदा, पर्यावरण, सायबर कायदा, भूसंपादन व बौद्धिक संपदा प्रत्येकी २.

विद्यार्थी स्वाभाविकपणे मोठ्या आणि आवडत्या विषयांचा सराव अधिक करतात. एका विद्यार्थ्याने २०० प्रश्न सोडविले असे समजू : पहिल्या गटातील १०० पैकी ६०, दंडविधान व पुरावा गटातील ६० पैकी ३९, कौटुंबिक व करार गटातील ३० पैकी १५ आणि लहान विषयांतील १० पैकी ३ बरोबर. एकूण २०० पैकी ११७ म्हणजे ५८.५ टक्के. तो निश्चिंत होतो. आता हेच प्रमाण परीक्षेच्या भारानुसार मांडून पाहावे. ३० प्रश्नांत ६० टक्क्यांनी १८, १६ प्रश्नांत ६५ टक्क्यांनी १०.४, पुढील १६ प्रश्नांत ५० टक्क्यांनी ८ आणि ३८ प्रश्नांत ३० टक्क्यांनी ११.४ गुण होतात. बेरीज ४७.८. दहा गुणांहून अधिक फरक केवळ प्रश्नांच्या वाटपामुळे पडला. या पातळीवर अनुत्तीर्ण होण्याची शक्यता साधारणपणे चारात एक इतकी आहे. शिवाय लहान विषयांतील ३० टक्के हा आकडा अवघ्या दहा प्रश्नांवरून काढलेला असल्याने तोही भरवशाचा नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात येते. या बारा विषयांचा अभ्यासक्रमात वाटा लहान असल्याने ते शेवटी उरकले जातात. परंतु एकत्रितपणे त्यांचे ३८ गुण उत्तीर्णतेच्या मर्यादेच्या जवळपास जातात. व्यावसायिक नीतिमत्तेच्या चार प्रश्नांसाठी लागणारे वाचन संविधानाच्या चार प्रश्नांसाठी लागणाऱ्या वाचनापेक्षा पुष्कळ कमी असते, हेही विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणावयास हवे.

गुण फुगविणारी कारणे

विद्यार्थ्याची अप्रामाणिकता नसतानाही सराव गुण वास्तवापेक्षा अधिक दिसतात. त्याची प्रमुख कारणे चार आहेत.

पहिले कारण पुनरावृत्ती. एकच प्रश्नसंच दुसऱ्यांदा सोडविताना गुण वाढतात, परंतु त्यांतील किती वाढ कायदा समजल्यामुळे आणि किती 'या प्रश्नाचे उत्तर क' हे स्मरल्यामुळे, ते सांगता येत नाही. सज्जतेच्या मोजणीसाठी केवळ पहिल्या प्रयत्नाचे गुण ग्राह्य धरावेत. दुसऱ्या प्रयत्नाला अध्ययनाचे साधन म्हणून महत्त्व आहे, मापनाचे साधन म्हणून नाही.

दुसरे कारण नुकतेच केलेले वाचन. सकाळी पुरावा कायद्याचे प्रकरण वाचून दुपारी त्याच प्रकरणावरील प्रश्न सोडविले तर मिळणारे गुण त्या दिवसाच्या स्मृतीचे असतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून विस्मरण प्रारंभी वेगाने व नंतर मंद गतीने होते हे दाखवून दिले. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगांत आणखी बोधप्रद गोष्ट आढळली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत सरस ठरले. परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत, वाचनाऐवजी आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. तात्काळ मिळणारे गुण आणि टिकणारे ज्ञान या दोन गोष्टी भिन्न आहेत, इतकेच नव्हे तर कधी परस्परविरुद्ध दिशेनेही जाऊ शकतात.

तिसरे कारण परिस्थितीतील फरक. घरी वेळेचे बंधन न ठेवता, मध्येच चहा घेऊन, टीपांसहित पुस्तक उघडून सोडविलेले शंभर प्रश्न आणि परीक्षाकेंद्रावर सलग बसून सोडविलेले शंभर प्रश्न यांची तुलना होऊ शकत नाही. बेअर अ‍ॅक्ट जवळ बाळगता येते, हा दिलासाही मर्यादित आहे. कलम शोधण्यास तीन मिनिटे लागली तर त्या प्रश्नाने दुसऱ्या प्रश्नाचा वेळ खाल्लेला असतो. कोणत्या अधिनियमात काय कोठे आहे हे ज्याला आधीच माहीत आहे, त्यालाच त्या प्रतीचा उपयोग होतो.

चौथे कारण भाषा. जो विद्यार्थी मराठी प्रश्नपत्रिका निवडणार आहे, त्याने सराव इंग्रजी प्रश्नांवर केला असेल तर त्याचे गुण प्रत्यक्ष परीक्षेला तंतोतंत लागू पडत नाहीत. वर्गात 'टॉर्ट' आणि 'कॉग्निझेबल' ऐकण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला 'अपकृत्य' आणि 'दखलपात्र' या संज्ञांपाशी क्षणभर थांबावे लागते. शंभर प्रश्नांत असे क्षण साठत जातात. उलटपक्षी, मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्याचे इंग्रजी सरावातील गुण त्याच्या कायद्याच्या ज्ञानापेक्षा कमीही दिसू शकतात.

कालबाह्य प्रश्नांचा धोका

विधी परीक्षेच्या सरावात एक अडचण अशी आहे, जी गणित वा भौतिकशास्त्राच्या सरावात सहसा येत नाही : बरोबर उत्तरच बदलते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. प्रथम खबरीचे कलम १५४ चे १७३ झाले. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या पुराव्याचे कलम ६५-ब होते, त्याची तरतूद आता कलम ६३ मध्ये आहे. सर्वांत फसवा क्रमांक ४८२ हा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. नव्या संहितेत कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आहेत. जुन्या प्रश्नसंचावर पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी नव्या प्रश्नपत्रिकेत नेमका येथे अडखळेल.

अन्य विषयांतही हेच आढळते. जिल्हा ग्राहक मंचाची आर्थिक मर्यादा १९८६ च्या अधिनियमाखाली २० लाख रुपये होती, २०१९ च्या अधिनियमाने ती १ कोटी केली आणि डिसेंबर २०२१ मधील नियमांनी ती ५० लाखांवर आणली. तिन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षांच्या मार्गदर्शिकांत 'बरोबर उत्तर' म्हणून छापलेले असू शकतात. कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. म्हणून सराव संच हाती घेताना त्याच्या प्रकाशनाचे वर्ष पाहणे ही पहिली पायरी होय. संच जुना असल्यास फौजदारी, पुरावा, ग्राहक, कामगार आणि करविषयक प्रश्न तपासून घेतल्याशिवाय त्यांचे गुण जमेस धरू नयेत.

अन्य देशांतील दाखले

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत अनेक वर्षे वापरात असलेल्या मल्टिस्टेट बार परीक्षेत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांपैकी १७५ प्रश्नांचेच गुण धरले जातात. उरलेले २५ प्रश्न भावी परीक्षांसाठी अजमावून पाहिले जात असतात आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. मिळालेले गुण थेट जाहीर न करता, त्या वेळच्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी लक्षात घेऊन त्यांचे एका स्थिर मापपट्टीवर रूपांतर केले जाते. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ पासून सुरू झालेल्या सॉलिसिटर पात्रता परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असून प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात.

या दाखल्यांतून दोन गोष्टी शिकता येतात. प्रश्नसंख्या वाढली की यदृच्छेचा वाटा घटतो. तसेच प्रश्नपत्रिका सोपी-अवघड होण्याचा परिणाम रूपांतराने सावरता येतो. आपल्या परीक्षेत उत्तीर्णतेची मर्यादा टक्केवारीत निश्चित आहे. एखाद्या वर्षी प्रश्नपत्रिका कठीण निघाली तर त्याचा भार उमेदवारावरच पडतो. त्यामुळे येथे सरावात राखावयाची सुरक्षित बाजू अधिक असावी लागते.

सज्जतेचा व्यावहारिक निकष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सराव चाचणीत किती गुण मिळाले म्हणजे विद्यार्थी सज्ज मानावा? १०० नवीन प्रश्नांच्या एका चाचणीत त्रुटी सुमारे ५ गुणांची आणि प्रत्यक्ष परीक्षेतही तितकीच. दोहोंची एकत्रित त्रुटी वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने सुमारे ७ येते. वीसपैकी एकोणीस वेळा अनुमान खरे ठरावे अशी अपेक्षा ठेवल्यास त्याच्या १.६५ पट, म्हणजे सुमारे १२ गुणांची सुरक्षित बाजू हवी. म्हणून एकाच चाचणीवर विसंबावयाचे असेल तर ४५ च्या मर्यादेसाठी किमान ५७ गुण हवेत. चार स्वतंत्र चाचण्यांची सरासरी घेतली तर सरावातील त्रुटी २.५ वर येते, एकत्रित त्रुटी सुमारे ५.६ होते आणि ५४ ते ५५ ची सरासरी पुरेशी ठरते. ४० टक्क्यांच्या मर्यादेसाठी हे आकडे प्रत्येकी पाचने कमी समजावेत.

हे गणित पुढील अटी पाळल्या तरच लागू होते : प्रश्न पूर्वी न पाहिलेले असावेत, विषयवार भार परीक्षेप्रमाणे असावा, वेळ आणि साधने परीक्षेप्रमाणेच असावीत, कायदा अद्ययावत असावा आणि प्रश्नांची काठिण्यपातळी परीक्षेच्या जवळपास असावी. यांतील शेवटच्या अटीची पूर्ण खात्री कोणालाच देता येत नाही. म्हणून चार चाचण्यांची सरासरी ६० च्या आसपास ठेवणे हे शहाणपणाचे धोरण होय. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचे ५२ गुण या निकषावर अपुरे ठरतात. त्याला "बसू नकोस" असे सांगण्याचे मात्र कारण नाही. आणखी तीन चाचण्या दे आणि लहान विषय वाच, असे सांगावयास हवे.

महाविद्यालयांची भूमिका

यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. विविध विषयांच्या अध्यापकांनी मिळून विषयवार भारानुसार शंभर प्रश्नांचे चार संच तयार करावेत आणि दरवर्षी कायद्यातील बदलांनुसार ते तपासावेत. ते संच आधी वाटू नयेत. परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत पंधरा दिवसांच्या अंतराने, ठरलेल्या वेळेत, बेअर अ‍ॅक्टसह आणि विद्यार्थ्याने निवडलेल्या भाषेत चाचणी घ्यावी. खात्री, शंका व अंदाज या खुणांसाठी उत्तरपत्रिकेवर एक रकाना असावा. निकाल देताना एकूण गुणांबरोबर विषयगटवार गुण आणि 'खात्रीच्या चुका' यांची संख्या द्यावी. संख्याशास्त्र वा गणित विभागातील सहकाऱ्याची यात मदत घेता आली तर आंतरविद्याशाखीय सहकार्याचा तो एक सोपा नमुना ठरेल.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. चाचण्यांचे गुण विभागाच्या यशाचे किंवा अध्यापकाच्या मूल्यमापनाचे परिमाण बनविले, की प्रश्न सोपे होऊ लागतात, संच आधीच फुटतात आणि मापन निरर्थक होते. ताप मोजण्याच्या नळीवर कृपादृष्टी ठेवून ताप उतरत नाही.

समारोप

सराव प्रश्नांचे गुण उपयुक्त आहेत; त्यांना टाकून देण्याचे कारण नाही. परंतु ते पहिल्या प्रयत्नाचे, पुरेशा संख्येतील प्रश्नांचे, योग्य भाराचे, अद्ययावत कायद्याचे आणि परीक्षेसारख्या परिस्थितीतील असले तरच सज्जतेविषयी विश्वसनीय अनुमान देतात. एरवी ते विद्यार्थ्याला एकतर खोटा धीर देतात किंवा निष्कारण खचवितात.

यापलीकडे एक गोष्ट अध्यापकांनी विसरू नये. ही परीक्षा प्रवेशद्वाराची आहे. सुमारे सत्तावीस प्रश्नांचे पक्के ज्ञान आणि दैवाची थोडी साथ यांवर ती उत्तीर्ण होता येते, हे वर दाखविले आहे. जामिनाचा अर्ज घेऊन येणाऱ्या पक्षकाराला मात्र चार पर्याय देता येत नाहीत आणि वकिलाच्या चुकीबद्दल गुण वजा होत नसले तरी पक्षकाराचे स्वातंत्र्य वजा होऊ शकते. विद्यार्थ्याला आपले ज्ञान आणि अज्ञान यांतील सीमारेषा प्रामाणिकपणे पाहावयास शिकविणे, हा सराव चाचणीचा परीक्षेहूनही दूरवर पोहोचणारा उपयोग होय.